किती देते? : जुन्या गाडीच्या ॲव्हरेजचा थोडा इतिहास

आपल्याकडे कोणी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग, एअरबॅग, म्युझिक सिस्टिम वगैरे सगळं नंतर. आधी "किती देते?" आणि गाडी जुनी, सेकंडहँड असेल तर या प्रश्नामागे हमखास एक सल्ला येतो. "एअर फिल्टर बदल." "सकाळी पाच मिनिटं इंजिन गरम होऊ दे." "घाट उतरताना न्यूट्रल टाकत जा." "ट्युनिंग करून घे रे एकदा, माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे."

मंडळी, गंमत अशी आहे की यातला एकही सल्ला खोटा नाही. प्रत्येक सल्ला कधी ना कधी शंभर टक्के खरा होता. घोळ सगळा त्या 'कधी'मध्ये आहे. आपल्या क्षेत्रात कसं, एखाद्या सॉफ्टवेअरचा जुना उपाय नव्या व्हर्जनवर चालवला की नवीनच बग तयार होतो. गाड्यांचंही अगदी तसंच आहे. जुन्या गाडीचं ॲव्हरेज का पडलं हे शोधायचं असेल तर बॉनेट उघडण्याआधी तिचा सन बघावा, असं माझं मत झालंय. ते का, हे सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल. चांगलंच मागे, १८८८ पर्यंत.

टोपीची पिन आणि औषधाचं दुकान

ऑगस्ट १८८८. कार्ल बेंझची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी गाडी बाहेर काढते आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघते. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. इतक्या लांब मोटारगाडीने तोवर कोणीच गेलेलं नव्हतं. वाटेत इंधन संपलं, तेव्हा वीस्लॉख नावाच्या गावात तिने औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतलं. हे तेव्हा डाग काढायला वापरायचे. इंधनाची नळी तुंबली तर टोपीला लावायच्या पिनेने साफ केली. मला तर वाटतं, गाड्यांच्या इतिहासातली पहिली ट्रबलशूटर म्हणून बेर्थाबाईंचा फोटो प्रत्येक गॅरेजमध्ये लावायला हवा :-)

त्या गाडीत हवा आणि इंधन यांचं मिश्रण फारच ढोबळ पद्धतीने व्हायचं. हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जायची आणि जाताना जमेल तेवढी वाफ सोबत घेऊन जायची, बस्स. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने फवारा मारणारा कार्ब्युरेटर आणला आणि पुढची जवळपास शंभर वर्षं याच कल्पनेवर जगभरच्या गाड्या चालल्या.

कल्पना साधी आहे. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे जेटमधून पेट्रोल आपोआप खेचलं जातं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटर हे प्रमाण सांभाळायचा प्रयत्न करतो, पण आंधळेपणाने. जळाल्यानंतर काय झालं हे त्याला कधीच कळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक नाही, लॉग नाही. जे सेट केलंय ते केलंय.

मग फीडबॅक कोण द्यायचं? माणूस.

कुर्ल्याची पद्मिनी आणि मिस्त्रीचा कान

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० ची जी आवृत्ती बनू लागली, तिलाच १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, आणि ठिणगी पाडायला पॉईंट. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. (यातली शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्या पेपरांत बातम्या आल्या होत्या.)

पद्मिनीचं ॲव्हरेज पडलं तर मिस्त्री काय करायचा? आधी प्लग काढून रंग बघायचा. विटकरी असेल तर ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट असेल तर कमी पडतंय. मग पॉईंटची गॅप, मग टायमिंग, आणि शेवटी कार्ब्युरेटरचा स्क्रू. इंजिन चालू ठेवून स्क्रू आत घ्यायचा, आवाज पडायला लागला की किंचित बाहेर. हे सगळं कानाने. क्लोज्ड लूप कंट्रोल सिस्टिमच होती ही, फक्त सेन्सर म्हणजे मिस्त्रीचा कान आणि प्रोसेसर म्हणजे मिस्त्रीचं डोकं!

या काळातले सल्ले या यंत्राला अगदी फिट्ट बसायचे. एअर फिल्टर तुंबला तर हवा कमी यायची, पेट्रोल मात्र येतच राहायचं, म्हणजे मिश्रण गडद आणि ॲव्हरेज कमी. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून चोक ओढायचा, आणि तो ढकलायला विसरलात तर पेट्रोलचा धूर. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन फिरतच राहायचं आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राहायचं. त्यामुळे न्यूट्रल टाकून थोडं वाचायचं खरं. (ब्रेक तापून जीव जाण्याचा धोका तेव्हाही होता, तो वेगळा.)

आणि एक खास आपल्याकडचा इलाज. उन्हाळ्यात बोरघाट नाही तर खंबाटकी चढताना गाडी उकळते? थर्मोस्टॅट काढून टाका! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधला छोटा दरवाजा. आत मेणाची गोळी असते. पाणी साधारण ऐंशीच्या पुढे तापलं की मेण वितळून फुगतं आणि दरवाजा उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन पटकन तापतं. हा जुना झाला की बंदच अडकतो आणि गाडी उकळते. तेव्हा स्पेअर पार्ट सहज मिळायचे नाहीत, मग मिस्त्री तो काढूनच टाकायचा. दरवाजाच नाही म्हटल्यावर अडकणार काय? इंजिन जरा थंड चालायचं, थोडं पेट्रोल जास्त जायचं, पण भर घाटात गाडी बंद पडण्यापेक्षा ते परवडायचं. त्या काळाच्या हिशोबात हा शहाणपणाच होता.

हा थर्मोस्टॅट लक्षात ठेवा. पुढे येणार आहे.

मध्येच लॉस एंजेलिस कुठून आलं?

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि आपल्या 'किती देते'च्या अपेक्षाच बदलल्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजनाला हलकी. पण पेट्रोल मोजण्याच्या बाबतीत तीही जुन्याच घराण्यातली, म्हणजे कार्ब्युरेटरवालीच. खरा बदल कुठून आला हे बघायला थोडं विषयांतर करून लॉस एंजेलिसला जावं लागतं.

तिथे १९४० च्या दशकापासून धुरक्याने लोकांचे डोळे झोंबत होते. गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून हे होतंय हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवलं. मग कायदे आले, आणि १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. पुढे तिन्ही विषारी घटक एकाच वेळी साफ करणारा कन्व्हर्टर आला, पण त्याची एक अट होती. मिश्रण अगदी १४.७ च्या आसपासच हवं, जरासुद्धा इकडेतिकडे नको. आता हे कानाने कसं जमणार?

म्हणून बॉशने सायलेन्सरच्या पाइपात बसणारा ऑक्सिजन सेन्सर बनवला आणि १९७६ मध्ये व्होल्व्होने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसवला. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही हे हा सेन्सर सांगतो. उरला असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, नसेल तर कमी करतो. सेकंदाला एकदा तरी हे चालूच. मिस्त्रीच्या कानाला पर्याय मिळाला तो असा.

इथे एक गोष्ट नीट बघा. ही सगळी यंत्रणा तुमच्या-माझ्या खिशासाठी बनलेलीच नाही. सगळ्यात कमी पेट्रोल जाळायचं तर मिश्रण १४.७ पेक्षा थोडं पातळ ठेवायला हवं. १४.७ हा आकडा कन्व्हर्टरच्या सोयीचा, म्हणजे हवेच्या भल्याचा. ॲव्हरेज सुधारलं ते वरचा बोनस म्हणून, कारण माणसाच्या कानापेक्षा मोजमाप अचूक झालं.

भारतात हे यायला वेळ लागला. पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारतं, म्हणून आधी शिसं काढणं भाग होतं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि बिनशिशाचं पेट्रोल आलं. २९ एप्रिल १९९९ ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी आदेश दिला: १ जून १९९९ पासून युरो एक, १ एप्रिल २००० पासून युरो दोन. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल. कार्ब्युरेटर हद्दपार झाला तो या एक-दोन वर्षांच्या धांदलीत. ८०० च्या मागे 'एमपीएफआय'चा बिल्ला लागला तोही तेव्हाच. कित्येकांना तो बिल्ला म्हणजे काहीतरी जास्त पॉवर वाटायचा. खरं तर तो बिल्ला म्हणजे मिस्त्रीच्या कानाची निवृत्ती होती.

इलाज तेच, गाडी वेगळी

आता वरचे सल्ले पुन्हा एकेक करून बघू.

एअर फिल्टर: अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हे तपासलं. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने पिकप कमी होतो, ॲव्हरेजवर मात्र जवळजवळ परिणाम नाही. कारण हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मात्र २ ते ६ टक्के फरक पडू शकतो. म्हणजे सल्ला खरा, सन चुकीचा. (फिल्टर बदलाच, इंजिनासाठी. ॲव्हरेजसाठी नवस बोलू नका.)

सकाळी पाच मिनिटं गरम करणे: चोकच नाही म्हटल्यावर याची गरज उरली नाही. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं.

न्यूट्रलमध्ये घाट: इथे तर पूर्ण उलट झालं. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडलात की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल टाकलंत की इंजिन बंद पडू नये म्हणून तो पुन्हा पेट्रोल सोडायला लागतो. म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकलं आणि नेमकं तिथेच पेट्रोल घालवलं. वर ब्रेकवर ताण.

आणि थर्मोस्टॅट. इथे माझी कहाणी सांगतो. मी घेतलेली गाडी २०११ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, एका काकांकडून. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. टाकी फुल ते टाकी फुल असं तीनदा मोजलं: १०.८, ११.१, १०.९. आधी ती शहरात १४ च्या आसपास द्यायची, असं काकांच्या वहीत लिहिलेलं होतं. (हो, काका वही ठेवायचे. अशी माणसं हवीत.) एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर क्लीनिंग मिळून चांगलं जाडजूड एस्टिमेट दिलं.

आमच्यातला इंजिनिअर म्हणाला, आधी लॉग बघू. २०१० मध्ये पुणे-मुंबई-सोलापूरसकट १३ शहरांत बीएस-चार आलं, आणि त्यासोबत गाडीने स्वतःच्या चुका नोंदवायची ओबीडीची सक्तीही. सुदैवाने या गाडीला स्टिअरिंगखाली ते पोर्ट आहे. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावला. एरर कोड एकही नाही. पण बायपासला ८० च्या वेगात इंजिनाच्या पाण्याचं तापमान ५८ ते ६०! सिग्नलला थांबलं की हळूहळू वर, निघालं की पुन्हा खाली. बराच वेळ स्टेटसही 'ओपन लूप', म्हणजे कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नव्हता. इंजिन अजून थंड आहे असं समजून तो आपला पेट्रोल जास्त सोडत होता. आपोआप ओढलेला आणि कधीच न ढकललेला चोक!

मिस्त्रीने हाउसिंग उघडलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. मधल्या काळात कोणीतरी, बहुधा गाडी कधीतरी उकळल्यावर, सवयीने काढून टाकलेला. नवीन थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून खर्च त्या एस्टिमेटच्या दहाव्या भागाइतकाही आला नाही. पुढच्या दोन टाक्या: १३.५ आणि १३.८.

मला यात तो काढणाऱ्याचा राग येत नाही. तो पद्मिनीच्या काळात बरोबरच होता. घाटातून गाडी वर नेणारा इलाज तीस वर्षांनी दुसऱ्या गाडीत आजार होऊन बसला, एवढंच.

गप्प बसणारी गाडी

नव्या पिढीच्या या गाड्यांचा एक दुर्गुण मात्र आहे, तो आपल्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. त्या चुका गिळतात. पद्मिनीत पेट्रोल जास्त गेलं तर वास यायचा, धूर दिसायचा, प्लग काळा पडायचा. इथे कॉम्प्युटर निमूटपणे भरपाई करत राहतो. एखादा एक्सेप्शन पकडून काहीच न करणारा कोड असतो ना, तसं. गाडी छान चालते आणि पेट्रोल जात राहतं.

ही भरपाई 'फ्युएल ट्रिम' या आकड्यात दिसते. तो शून्याच्या आसपास असेल तर ठीक. कायम दहाच्या वर असेल तर कॉम्प्युटरला हवा जास्त दिसतेय म्हणून तो पेट्रोल ओततोय. एक मजेदार कारण: सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला बारीक भोक पडतं, बाहेरची हवा आत येते, सेन्सर म्हणतो "ऑक्सिजन उरलाय", आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो. भोक सायलेन्सरला, बिल पेट्रोल पंपावर!

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. आधी नीट मोजा, निदान तीन टाक्या. मग ज्यांना सन नसतो ती कारणं: टायरमधली हवा, चिकटलेला ब्रेक (थोडं चालवून चाकाजवळ हात न्या, एकच चाक गरम लागतंय का बघा), घसरणारा क्लच. टायरचा साइझही बघा. आधीच्या मालकाने मोठे टायर टाकले असतील तर किलोमीटरच कमी मोजले जातात आणि गाडी बिचारी उगाच बदनाम होते. मग गाडीचा सन, आणि मग त्या सनाला शोभेल ते. कार्ब्युरेटर असेल तर प्लगचा रंग. इंजेक्शन असेल तर पाण्याचं तापमान, ट्रिम, आणि सगळ्यात शेवटी पार्ट बदलणं.

आणि आताचा काळ

शेवटचा बदल बॉनेटखाली नाही, पंपावर झालाय. पेट्रोलमधलं इथेनॉल २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर ई२० सुरू झालं, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. लिटरमागे पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की हिशोब होतो २९.८, म्हणजे लिटरमागे सुमारे ७ टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली होती. पंधरा देणारी गाडी चौदा देत असेल तर मिस्त्रीला काही सापडणार नाही. ती अकरा देत असेल तर मात्र इथेनॉलला शिव्या देऊन थांबू नका, गाडीत काहीतरी आहे. कार्ब्युरेटरवाल्यांची अडचण वेगळीच: ई२० ला साधारण साडेतेरास एक प्रमाण लागतं, आणि जुन्या जेटला हे सांगणार कोण? तिथे पुन्हा स्क्रू ड्रायव्हर, पुन्हा प्लगचा रंग, आणि रबरी नळ्यांवर लक्ष.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच धडधाकट जुन्या गाड्या "फार पितेय हो" एवढ्या एका वाक्यावर भंगारात गेलेल्या मी बघितल्यात. त्यातल्या काहींना कदाचित एक थर्मोस्टॅट हवा होता. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "किती देते?" विचारलं की उत्तर द्यायच्या आधी आपण विचारावं, "कधीची आहे?"

असो. बराच लांबला हा लेख. शनिवार आहे, टायरमध्ये हवा भरायला जातो.